निळ्या खुर्चीवरचं बोंड

तुम्ही ऐंशीला टेकलेल्या एका बाईला हाकलून दिलंत, आणि ते इतक्या गोड शब्दांत केलंत की तिला अजून वाटतंय, तुम्ही तिचे आभारच मानले. फुलं पाठवलीत. कार्ड पाठवलंत. कार्डावर तुमच्या संस्थेनं राखलेल्या विचकोट हाऊसचं रंगीत चित्र, आत 'आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत' हे वाक्य, आणि तेही छापलेलं. कृतज्ञता छापून घेता तुम्ही? गठ्ठ्यानं? कितीला पडते?

मी डेसमंड ट्रँटर. वॉल्सॉलच्या बस डेपोत इंजिनं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. तुम्ही जे केलंत त्याला डेपोत हलकटपणा म्हणायचे. पण माझी पंचाईत अशी आहे, की तुमचे आभार मानल्याशिवाय मला तुमच्याशी भांडता येत नाही. तेव्हा आभार आधी घ्या. ते खरे आहेत.

आमची जनीन लग्न होऊन लीड्सला गेली, त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी माझी बायको एव्हरिल स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता आपण दोघं समोरासमोर बसून एकमेकांची तोंडं बघत म्हातारे होणार का? गाडी काढ."

"कुठं जायचं?"

"कुंड्या आणायला."

कुंड्यांचं दुकान सापडलं नाही. मी रस्ता चुकलो, आणि चुकलोय हे कबूल करायला तयार नव्हतो, म्हणून तसाच पुढं जात राहिलो. मग वळणावर ती तपकिरी पाटी दिसली, जुन्या प्रेक्षणीय वास्तूंकडे नेणारी. पांढऱ्या रेषांत काढलेला किल्ला आणि बाण. एव्हरिल म्हणाली, "वळ. किल्ल्यात तरी कुणाला तरी रस्ता माहीत असेल." त्या किल्ल्याला छप्पर नव्हतं, एक भिंत तेवढी उभी होती आणि तिच्याभोवती मेंढ्या चरत होत्या. आम्ही गाडीत बसून चीज-लोणच्याचे सँडविच खाल्ले, काचांवर वाफ धरली, आणि ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी पण चुकू."

तेव्हापासून तपकिरी पाटी दिसली की वळायचं, हा आमचा कायदा झाला. श्रॉपशर, हेरफर्डशर, वूस्टरशर, सगळं असं वळत वळत पाहिलं. छत कोसळलेल्या मठात, जिथं एके काळी वेदी होती तिथं एव्हरिलनं चादर अंथरून उकडलेली अंडी सोलली. एका जुन्या वाड्यात, एका राणीच्या काळात पाद्र्यांची धरपकड व्हायची तेव्हा पाद्र्याला लपवायला केलेली भिंतीतली पोकळी होती. मी हौसेनं आत शिरलो आणि पोटावर अडकलो. बाहेर रांग लागली. एव्हरिल रांगेतल्या लोकांना सांगत होती, "राणीच्या शिपायांना हा सापडला नसता, पण वासावरून कळलं असतं." एका खेड्यातलं चर्च बंद होतं, दारावर चिठ्ठी होती, 'किल्ली समोरच्या दोन नंबरच्या घरात, कुत्रा चावत नाही.' कुत्रा चावला. पण घरमालकिणीनं जखम धुतली, रासबेरीच्या जॅमची बाटली दिली आणि चर्चमध्ये येऊन स्वतः दिवे लावले.

हे सगळं मला विसरता येत नाही. ही घरं, हे दगड तुमच्यासारख्यांनी राखले म्हणून आम्हाला दिसले. माझी आजी असल्याच एका घरात कामाला मागच्या दारानं जायची आणि मागच्या दारानं यायची. एव्हरिल पुढच्या दारानं जायची. जाताना पायपुसण्यावर इतके पाय पुसायची की मी म्हणायचो, "आता पुरे, बूट झिजतील." ती आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मोठ्या घरातली ती तांब्याची भांडी रांगेनं लावलेली पाहिली की सगळे 'अहाहा' करायचे, आणि ही मान वाकडी करून म्हणायची, "घासायची कुणी?"

आणि प्रत्येक घरात आमचा एक खेळ असायचा. आज राहायचं कुठं? सगळं घर हिंडून प्रत्येकानं एक खोली निवडायची, आणि चहाच्या टेबलावर सांगायची. मी नेहमी तबेला निवडायचो, कारण तिथं कुणी त्रास देत नाही. ती दर वेळी वेगळी खोली निवडायची. विचकोट पाहिलं त्या दिवसापासून मात्र तिनं बदलली नाही. तळमजल्यावरची, पश्चिमेकडची छोटी बैठक. खिडकीजवळ निळ्या रेशमाची खुर्ची. पाहुण्यांना अडवायला लावलेल्या दोरीच्या अलीकडून, उभ्यानं, त्या खिडकीतून फक्त आभाळ दिसतं. ती म्हणायची, "त्या खुर्चीतून काहीतरी दिसत असणार. कुणी उगाच खुर्ची अशी तिरकी ठेवत नाही."

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, हृदय मोठं झालंय, पंप थकलाय. पंप! आयुष्यभर मी पंप बदलले. हा बदलता येत नाही म्हणाले.

आधी किल्ले सुटले, पायऱ्यांमुळे. मग मठ, खडबडीत जमिनीमुळे. मग जिने असलेली घरं. चाकाची खुर्ची घेऊ म्हटलं तर ती म्हणाली, "त्यात बसले की लोक माझ्याशी बोलायचं बंद करतील. 'त्यांना चहात साखर हवी का' असं तुला विचारतील. आणि तू नाही म्हणशील, माझ्या तब्येतीसाठी." शेवटी विचकोट तेवढं उरलं. तिथं गाडी दारापर्यंत जाते, आणि ती बैठक दारातून शिरल्यावर डाव्या हाताला.

पण बसायचं कुठं? घरात खुर्च्याच खुर्च्या, आणि प्रत्येकीवर तुमचं ते वाळकं काटेरी बोंड. 'बसू नका' असं लिहिणं तुम्हाला उद्धट वाटतं. तोंडानं सांगणं तर त्याहून वाईट. म्हणून काटा ठेवायचा आणि गप्प राहायचं. ज्याला कळायचं त्याला कळतं, ज्याला कळत नाही त्याला टोचतं. मला तर हे आवडायचं. आपल्याकडची सभ्यता ही अशीच असते, दिसायला वाळकं फूल.

मे महिन्यातला तो शनिवार. एव्हरिल बैठकीत शिरली, दोरीपाशी उभी राहिली, आणि मला तिचा श्वास ऐकू यायला लागला. खोली राखायला एक बाई होत्या. उंच, वाकलेल्या, अंगात लोकरी जाकीट, छातीवर नावाची पट्टी: मिस म्यूरिअल ग्वाटकिन. दाराशी त्यांची स्वतःची लोखंडी घडीची खुर्ची. त्या चटकन उठल्या. चटकन म्हणजे त्यांच्या मानानं. त्यांची कंबर धड नव्हती.

"बसा ना तुम्ही इथं."

"छे, छे!" एव्हरिल म्हणाली. "तुमची खुर्ची मी कशी घेऊ? तुम्ही दिवसभर इथं असता."

"मला उभं राहायला आवडतं."

"मलाही."

"अजिबात संकोच करू नका हं."

"संकोच कसला! मी अगदी मजेत आहे." तिचे ओठ निळे पडायला लागले होते.

"खरं सांगायचं तर बसलं की माझी कंबर धरते."

"आणि बसलं की मला झोप येते."

"थोडा वेळ तरी."

"तुम्ही थोडा वेळ बसा, मग मी बसते."

दोन म्हाताऱ्या बायका, दोघींचेही पाय लटपटतायत, मधे एक रिकामी खुर्ची, आणि दोघी तिच्याकडे हात करून हसतायत. या देशात माणसं अशीच मरत असणार. डॉक्टर उगाच हृदयाचं नाव घेतात.

"अहो, कुणीतरी बसा," मी म्हणालो, "नाहीतर मी बसतो!"

"डेस!"

ग्वाटकिनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग एव्हरिलच्या ओठांकडे पाहिलं. मग त्यांनी दोरीचा आकडा काढला, निळ्या खुर्चीपाशी गेल्या, दोन बोटांनी ते बोंड उचललं, परत आल्या, आणि ते स्वतःच्या लोखंडी खुर्चीवर ठेवलं. नीट, मधोमध.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता या खुर्चीवर कुणालाच बसता येणार नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. वाद मिटला. उरली ती."

"अहो पण ती जुनी आहे. केवढी किमती..."

"तिच्यावर काटा दिसतोय का तुम्हाला? काटा असेल तिथं बसायचं नाही, एवढंच मला शिकवलंय. मी नियम मोडत नाही."

एव्हरिल बसली. आधी दवाखान्यात बसतात तशी, पाय जुळवून, पर्स मांडीवर. मग हळूहळू पाठ टेकली. श्वास खाली आला. ती खिडकीकडे एकटक बघत राहिली. मला वाटलं, झालं, आता गाडीत घालून घरी न्यायचं.

"डेस," ती म्हणाली, "इथून नाशपाती दिसतात. सगळी बाग. पांढरी झालीय."

मी तिच्या डोक्यामागे वाकून पाहिलं. खाली उतारावर जुनी झाडं, फांद्यांना टेकू दिलेले, आणि सगळी बहरलेली. त्यांच्या पलीकडे क्लीची टेकडी. उभ्या माणसाला खिडकीची चौकट आणि आभाळ. बसलेल्या माणसाला हे.

"सांगितलं नव्हतं मी?" ती म्हणाली. "उगाच कुणी खुर्ची तिरकी ठेवत नाही."

त्यानंतर प्रत्येक शनिवारी आम्ही तिथं होतो. तुमच्या दारावरच्या पोरीनं आमची सभासदत्वाची कार्डं बघणंसुद्धा सोडलं. बैठकीत शिरलो की बोंड आधीच लोखंडी खुर्चीवर असायचं. एव्हरिलला ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला खटकलं.

"तुम्ही हे कधी हलवता?"

"जेवण झालं की."

"अहो, आम्ही येतो तीनला! तोवर तुम्ही उभ्याच?"

"तुमच्यासमोर हलवलं तर तुम्ही वाद घालणार. वाद घालायला तुम्हाला श्वास पुरत नाही आणि मला उत्तरं सुचत नाहीत."

ऐकलंत? दुखऱ्या कमरेवर ती बाई सबंध दुपार उभी राहायची, फुकट, कारण पगार तर तुम्ही तिला देत नव्हतात. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. एव्हरिल मग आल्याचा केक करून न्यायला लागली. खोलीत खायला बंदी, म्हणून ग्वाटकिनबाई तो कागदासकट जाकिटाच्या खिशात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मी हा पाहिलेलाच नाही." पूर्वी त्या लडलोच्या पोस्टात खिडकीवर असायच्या, लग्न केलं नाही, गावातच लहानपण गेलं. बहर गेला, हिरवी फळं धरली, मग ती पिवळी झाली, गळायला लागली, आणि हे सगळं एव्हरिलनं त्या खुर्चीतून पाहिलं. प्रत्येक आठवड्याला ती मला घरी येताना गाडीत सांगायची, जणू मी तिथं नव्हतोच. "डावीकडचं तिसरं झाड आज रिकामं झालं बघ." सोमवार ते शुक्रवार ती औषधं घ्यायची. शनिवारी जगायची.

एकदा तिनं विचारलं, "ग्वाटकिनबाई, तुम्ही कधी बसलात हो या खुर्चीत?"

"मी? छे! मी इथं कामाला आहे."

"पगार देतात?"

"नाही."

"मग कसल्या कामाला?"

तिघंही इतके हसलो की शेजारच्या खोलीतला स्वयंसेवक डोकावून गेला.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार आला. त्या रात्री हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे करायची असतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तुमचं घर मार्चपर्यंत बंद. त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, "हिवाळा कसा जातो ते बघू या." डॉक्टरांनी 'बघू या' म्हटलं की काय समजायचं ते आम्हाला समजतं. एव्हरिल त्या दिवशी खास ठेवणीतला निळा कोट घालून आली. मला म्हणाली, "खुर्चीला शोभायला हवं."

ती बसली होती, ग्वाटकिनबाई खिडकीशी उभ्या होत्या, मी दोरीला टेकलो होतो. तेवढ्यात तुमचा फेनर आला. नवा व्यवस्थापक. गळ्यात ओळखपत्र, पायात न वाजणारे बूट. वाईट पोरगा नव्हता. तुम्ही पाठवलंत म्हणून आला. कुणीतरी पाहुण्यांनी तक्रार केली होती, आणि अर्थातच तोंडावर नव्हे. खोलीत आले, एव्हरिलकडे पाहून हसले, 'किती छान' म्हणाले, आणि घरी जाऊन तुम्हाला लिहिलं.

"मला कुणालाही अवघडल्यासारखं वाटायला नकोय," फेनर म्हणाला.

"मग जा," मी म्हणालो.

"डेस! हळू बोल."

"ट्रँटरबाई, ही खुर्ची फार नाजूक आहे. कापड अगदी मूळचं आहे."

"मीही मूळचीच आहे रे बाळा," एव्हरिल म्हणाली. "एकही भाग बदललेला नाही. डॉक्टर म्हणाले, आता बदलण्यात अर्थ नाही."

तो लाल झाला. "बाहेर व्हरांड्यात बाक आहे. मी स्वतः तुम्हाला..."

"बाहेर वारा बघितलास का?" मी म्हणालो. "तुझी आजी बसेल का त्या बाकावर?"

तेवढ्यात रेनकोट घातलेलं एक जोडपं आत आलं. भांडण तिथंच थांबलं. फेनर हसला. ग्वाटकिनबाई हसल्या.

"वारा फार सुटलाय, नाही?" फेनर म्हणाला.

"हो ना," जोडप्यातली बाई म्हणाली. "पण पाऊस नाही हे नशीब."

"रात्री येणार म्हणतायत," मी म्हणालो.

"बागेला बरं होईल," एव्हरिल खुर्चीतून म्हणाली.

जोडप्यानं छत पाहिलं, शेकोटी पाहिली, एव्हरिलकडे न पाहता पाहिलं, आणि गेलं. दार लागल्याबरोबर मी पुन्हा सुरू केलं, "लाज नाही वाटत?" आणि फेनर म्हणाला, "मिस्टर ट्रँटर, कृपा करून..." आणि ग्वाटकिनबाई पहिल्यांदा बोलल्या.

"मिस्टर फेनर, बोंड कुठं आहे?"

"ते... तुमच्या खुर्चीवर आहे."

"मी त्या खुर्चीवर बसलेय का?"

"नाही."

"कुणी बसलंय का?"

"नाही, पण..."

"मग नियम कुणी मोडला?"

फेनरनं गळ्यातलं ओळखपत्र चाचपलं. याचं उत्तर तुम्ही त्याला दिलेलं नव्हतं. तो म्हणाला, "मिस ग्वाटकिन, घर बंद झाल्यावर आपण दोन शब्द बोलू या का?" आपल्याकडे हे वाक्य ऐकलं की शहाणा माणूस कपाट आवरायला घेतो.

एव्हरिलला ते कळलं. ती उठायला लागली. मी हात दिला. उठताना तिला खुर्चीच्या हाताचा आधार हवा होता, पण तिनं तो घेतला नाही, जुनं लाकूड म्हणून. माझ्या मनगटावर तिची नखं रुतली. ती लोखंडी खुर्चीपाशी गेली, बोंड उचललं, परत आली आणि ते निळ्या रेशमावर ठेवलं. मधोमध. मग ग्वाटकिनबाईंना म्हणाली, "मार्चमध्ये भेटू."

"नक्की," ग्वाटकिनबाई म्हणाल्या.

फेनर तिच्यासाठी दार धरून उभा होता. त्याची माझ्याकडे पाठ होती. मी ते बोंड उचलून कोटाच्या खिशात टाकलं. हो, मीच. चोरलं. तुमच्या यादीत एक वाळकं बोंड कमी पडत असेल तर ते वॉल्सॉलमध्ये आहे. घरी येईपर्यंत सबंध रस्ता ते मांडीला टोचत होतं, आणि मला बरं वाटत होतं.

नोव्हेंबरात आम्ही ग्वाटकिनबाईंच्या घरी गेलो. विचकोटच्या फाटकाबाहेरच त्यांचं घर, दोन खोल्या, पुढे लव्हेंडरची सुकलेली झुडपं. शेकोटीवरच्या फळीवर तुमचं कार्ड उभं केलेलं होतं. फुलं वाळली होती, पण टाकली नव्हती.

"फार चांगले वागले हो माझ्याशी," त्या म्हणाल्या. "म्हणाले, आता तुम्ही विश्रांती घ्या."

"तुम्हाला हवी होती का विश्रांती?" मी विचारलं.

त्यांनी चहा ओतला. "साखर?" त्यांनी एव्हरिलला विचारलं. तिलाच विचारलं, मला नाही.

"दोन," एव्हरिल म्हणाली आणि माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.

मग थोड्या वेळानं ग्वाटकिनबाई म्हणाल्या, "शनिवारी दुपारचं काय करायचं ते मात्र कळत नाही. परवा जेवण झालं आणि मी इथं खिडकीशी जाऊन उभी राहिले. बराच वेळ. मग लक्षात आलं, अगं, हे तर आपलंच घर. बस की."

एव्हरिलनं कप खाली ठेवला. "माझ्यामुळे झालं हे. मी तुमची जागा खाल्ली."

"काहीतरीच काय! मी त्या खोलीत इतकी वर्षं उभी होते, पण तिथं कुणी बसलेलं मी तुमच्यामुळे पाहिलं. खोली वेगळीच दिसते हो माणूस बसलं की. आधी मी फर्निचर राखत होते. मीच तुमची आभारी आहे."

"छे, आभारी मी आहे."

"नाही, खरंच, मीच."

"तुम्ही उभ्या राहिलात दुपारभर!"

"तुम्ही केक आणलात!"

"अहो, एकीनं तरी आभार घ्या!" मी ओरडलो. "चहा गार होतोय!"

दोघी हसल्या. एव्हरिलला खोकला आला, ग्वाटकिनबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मी तिथं बसून विचार करत होतो, की इतक्या शनिवारांत इतकी घरं पाहिली, राजेरजवाड्यांच्या पलंगापासून त्यांच्या संडासापर्यंत सगळं पाहिलं, पण कुणी आमच्यासाठी जागा करून दिली असं एकदाच घडलं. आणि ते ज्या बाईनं केलं तिला तुम्ही घरी बसवलंत.

परत येताना गाडीत एव्हरिल म्हणाली, "ती नसेल तर मार्चमध्ये मी जाणार नाही."

"मग दुसरीकडे जाऊ. पाटी दिसेल तिकडं वळू."

"दुसरीकडे कुठं, डेस?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "मला आता एकच खोली झेपते."

मी गाडी नीट चालवली. डोळ्यांत काही गेलं की काच पुसायची सवय आहे मला. काच स्वच्छ होती.

ते बोंड आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. रोज सकाळी एव्हरिल माझ्याआधी खाली येते, हळूहळू, कठड्याला धरून, आणि ते माझ्या खुर्चीवर ठेवते. मी खाली आलो की म्हणते, "माफ करा साहेब, ऐतिहासिक आहे." मी उभ्यानं चहा पितो. ती बसून हसते. तो हसण्याचा आवाज मला अजून किती सकाळी ऐकायला मिळेल हे मला माहीत नाही, पण प्रत्येक सकाळी ऐकू आला की मी मनात आभार मानतो. तिचे, ग्वाटकिनबाईंचे, त्या कुत्र्यावाल्या बाईचे, आणि हो, तुमचेही. तुम्ही ती नाशपातीची झाडं टेकू देऊन उभी ठेवलीत. झाडाला टेकू लागतो हे तुम्हाला कळतं.

डिसेंबर निम्मा सरलाय. एव्हरिलनं निळा कोट धुवून, बटणं घट्ट करून, दाराच्या मागे टांगून ठेवलाय. मार्चसाठी. हिवाळा कसा जातो ते ती बघतेय, डॉक्टरांनी सांगितलं तसं. तिच्याजवळ बघायला काहीतरी असलं पाहिजे.

म्हणून आता सरळ विचारतो, आणि छापील कार्ड मला चालणार नाही. मार्चमध्ये तुमचं दार उघडेल त्या पहिल्या शनिवारी, तीन वाजता, मी गाडी पुढच्या दाराशी आणून लावणार आहे. तुमचं बोंड माझ्या खिशात असेल. ते कुठल्या खुर्चीवर ठेवायचं ते तुम्हीच मला सांगा. त्या पश्चिमेच्या बैठकीत ग्वाटकिनबाई असतील का? आणि असतील, तर उभ्या नाही. बसायला त्यांची स्वतःची खुर्ची असेल का, काट्याविना? आणि खिडकीपाशी माझ्या बायकोसाठी एक?

हो की नाही?